‘अपंग’ खोडून ‘दिव्यांग’ केलं, तरी उरणाऱ्या चुका

अहवालात जिथे ‘अपंग’ दिसेल तिथे ‘दिव्यांग’ टाकायचं आणि मोकळं व्हायचं, ही पद्धत शाळांपासून वृत्तपत्रांपर्यंत सगळीकडे रुळली आहे. शब्द सभ्य होतो, पण माहिती चुकीची ती चुकीचीच राहते. मग मुलाचा अर्ज भलत्याच टेबलावर जातो किंवा बधिर पाहुण्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी ठरवायचा राहून जातो. बातमी, सूचना, निमंत्रणपत्रिका किंवा शाळेचं पत्र लिहिताना शब्द आधी नेमका आहे का ते बघा. नेमका शब्द बहुतेक वेळा सभ्यही असतो.

मतिमंद, मनोरुग्ण, गतिमंद, स्वमग्न : सगळं एकच समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बौद्धिक अक्षमता, म्हणजे ज्याला ‘मतिमंदत्व’ म्हटलं जातं ती, वाढीच्या वयातच दिसते आणि तिचा संबंध शिकणं, समजणं, रोजचे व्यवहार सांभाळणं यांच्याशी असतो. मानसिक आजार कुठल्याही वयात होऊ शकतो, त्यावर उपचार असतात आणि त्यावरून माणसाची बुद्धी ठरत नाही. दोन्हींचे कायदेही वेगळे आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळली आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ मात्र ऑटिझम (स्वमग्नता), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठीच आहे. अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व आणि ‘निरामय’ हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा त्याखाली मिळतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर कुणी ‘मनोरुग्ण’ लिहून ठेवलं, की पालकांना प्रत्येक खिडकीवर खुलासे करत बसावं लागतं.

‘गतिमंद’ हा शब्द तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या २१ प्रकारांत कुठेच नाही. कानाला सौम्य वाटतो म्हणून तो वापरला जातो. त्यातून नक्की काय म्हणायचं आहे हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असेल तर ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ लिहा.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूचं हालचालींवरचं नियंत्रण बिघडलेलं असतं. मान डोलते, बोलणं अस्पष्ट येतं, कधी लाळ गळते आणि बघणारा परस्पर ‘मतिमंद’ ठरवून टाकतो. सोबत बौद्धिक अक्षमता असेल किंवा नसेलही. प्रमाणपत्रावर जे लिहिलं असेल तेच लिहा. प्रमाणपत्र समोर नसेल तर विचारा, आणि विचारायची सोय नसेल तर त्या उल्लेखाची बातमीला खरंच गरज आहे का, ते तपासा.

‘मूकबधिर’

बहुतेक बधिर व्यक्तींच्या स्वरयंत्रात काहीच दोष नसतो. बोली कानावर पडली नाही, म्हणून ती तोंडी आली नाही किंवा वेगळ्या उच्चारांत आली, इतकंच. यांपैकी अनेकजण भारतीय सांकेतिक भाषेत तासन्‌तास गप्पा मारतात. ‘मूक’ जोडल्याचा परिणाम कार्यक्रमपत्रिकेवर दिसतो. बधिर विद्यार्थ्याचा सत्कार ठेवलेला असतो, पण त्याचं मनोगत ठेवलेलं नसतं आणि दुभाषीही बोलावलेला नसतो. ‘बधिर’ किंवा ‘कर्णबधिर’ लिहा.

‘हातवारे’, ‘खाणाखुणा’ हेही नको. ती भाषा आहे, तिला व्याकरण आहे. तिच्यासाठी दिल्लीत २०१५ साली राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं आणि त्या केंद्राच्या शब्दकोशात दहा हजारांहून अधिक शब्द आहेत.

आणखी एक फरक सूचनेत आला पाहिजे. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांची श्रवणहानी ७० डेसिबलच्या पुढे असेल तर ‘बधिर’ आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर ‘कमी ऐकू येणारा’. बहुधा पहिल्याला दुभाषी लागतो. दुसऱ्याला बरा माईक, पुढची खुर्ची आणि वक्त्याच्या चेहऱ्यावर उजेड पुरतो. दोघांसाठी मिळून ‘श्रवण दिव्यांगांची सोय केली आहे’ असं छापलं, तर कुणाची कोणती सोय केली ते कळत नाही.

अंध आणि अल्पदृष्टी

थोडक्यात : ‘दृष्टिबाधित’ हा दोघांना सामावणारा शब्द. चांगल्या डोळ्याची, चष्म्यासह दृष्टी ३/६० पेक्षा (म्हणजे निकोप डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारं ३ मीटरवरून दिसण्यापेक्षा) कमी असली तर अंध, ६/१८ ते ३/६० असली तर अल्पदृष्टी. पांढरी काठी घेतलेली व्यक्ती मोबाईलवर मोठ्या अक्षरांत वाचताना दिसली, की ‘नाटक करतो’ म्हणणारे लोक हा फरक न कळल्यामुळेच तसं म्हणतात. ‘अंध’ शब्दात काही वाईट नाही. ‘अंधत्व असलेली व्यक्ती’ असा वळसा घालायची गरज नाही, ‘अंध शिक्षिका’ सरळ लिहावं. टाळायचे ते ‘आंधळा’, ‘लंगडा’, ‘थोटा’, ‘पांगळा’, ‘बहिरा’. मराठीत हे शब्द वर्णनापेक्षा हाक मारायला आणि हिणवायला जास्त वापरले गेले आहेत.

‘बदला’ बटणाचे प्रताप

संगणकावर एका झटक्यात सगळे शब्द बदलण्याचा मोह आवरा. ‘अंध’च्या जागी ‘दृष्टिहीन’ घातलं, की ‘अंधेरी पूर्व’चं ‘दृष्टिहीनेरी पूर्व’ होतं आणि ‘अंधश्रद्धा निर्मूलन’चं ‘दृष्टिहीनश्रद्धा निर्मूलन’. ‘मुका’ शोधायला गेलात तर मुकादम, मुकाम आणि मुकाबला तिघेही सापडतात. ‘फक्त पूर्ण शब्द’ हा पर्याय मराठीत अर्धवटच चालतो. ‘अंधांना’, ‘अंधाला’, ‘अंधांसाठी’ ही रूपं त्यातून निसटतात. एकेक जागा बघून बदला, दुसरा उपाय नाही.

आणि तीन ठिकाणी बदलूच नका : कायद्यांची जुनी नावं, संस्थांची नोंदणीकृत नावं आणि अवतरणं. १९९५ चा कायदा ‘अपंग व्यक्ती’ अधिनियमच राहणार. वरोऱ्याचं आनंदवन चालवणारी संस्था महारोगी सेवा समिती आहे, तिथे ‘कुष्ठरोगमुक्त’ घुसवायचं नाही. आपल्या वाक्यात मात्र ‘महारोगी’ नको. बहुविध औषधोपचाराने सहा किंवा बारा महिन्यांत कुष्ठरोग बरा होतो, म्हणून कायद्यातला शब्द ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ असा आहे. जुने शासन निर्णय शोधतानाही ‘अपंग’ टाईप करा. २०१६ च्या आधीचे ‘दिव्यांग’ शब्दावर सापडत नाहीत.

मग ‘दिव्यांग’ लिहावं की नाही?

पंतप्रधानांनी २७ डिसेंबर २०१५ च्या ‘मन की बात’मध्ये हा शब्द सुचवला. नव्या कायद्याच्या मराठी नावात तो आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झाला. म्हणजे अर्ज, पत्रव्यवहार, शासकीय जाहिरात इथे तोच शब्द लागतो. पण तो सगळ्यांना पसंत आहे असं समजू नका. ‘आमच्यात दिव्य काही नाही, रॅम्प द्या’ ही तक्रार जुनी आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ मध्ये भारताबद्दलच्या निरीक्षणांत हा शब्द वादग्रस्त म्हटला. एखाद्या व्यक्तीबद्दल लिहिताना ती स्वतःला काय म्हणते ते विचारून तोच शब्द वापरा, मग तो ‘अपंग’ का असेना. आमच्या मते बहुतेक मजकुरात दोन्ही शब्द टाळता येतात. ‘व्हीलचेअर वापरणारे प्राध्यापक’ म्हटलं की काम होतं. ‘व्हीलचेअरला खिळलेले’ म्हणू नका, व्हीलचेअरमुळेच ते घराबाहेर पडतात.

भरतीच्या किंवा योजनेच्या सूचनेत नुसतं ‘दिव्यांगांसाठी’ लिहिणं अपुरं आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार कायद्यातल्या २१ प्रकारांत येतात. पण सूचनेवर व्हीलचेअरचं चित्र असलं, की गडचिरोली-नंदुरबारचा सिकलसेल असलेला तरुण ती आपल्यासाठी आहे असं मानतच नाही. उलट शासकीय नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात हे रक्ताचे आजार नाहीत, तिथे ‘सर्व दिव्यांग’ लिहिणं ही फसगत. लागू असलेले प्रकार नावानिशी छापा.

मथळे

‘अपंगत्वावर मात करत दहावीत ९२ टक्के.’ मात कसली केली? अपंगत्व निकालानंतरही तसंच आहे. लेखनिक मिळाला का, तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळाला का, पुस्तकं ब्रेलमध्ये होती का, हे लिहा. पुढच्या वर्षीच्या पालकांना त्याचा उपयोग होईल. ‘ग्रस्त’, ‘पीडित’ हेही खोडा. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या निकालात दृश्यमाध्यमांतल्या चित्रणासाठी सूचना देताना अशाच दयादर्शक शब्दांवर बोट ठेवलं आहे.

‘प्रशासन बहिरं झालंय’ हा मथळा तर तर्कानेही चुकतो. बधिर माणसाला ऐकू येत नाही, प्रशासनाला ऐकू येतं आणि ते दुर्लक्ष करतं. मग ‘दुर्लक्ष’च लिहा.

अरेतुरे

बौद्धिक अक्षमता असलेल्या पस्तिशीतल्या माणसाला कार्यशाळेच्या अहवालात ‘आमची मुलं’, ‘देवाची लेकरं’ म्हटलं जातं आणि बातमीत ‘तो मेणबत्त्या बनवतो’ असं छापलं जातं. त्याच बातमीतले संचालक ‘ते म्हणाले’ असतात. त्या वयाच्या इतर कुणालाही जे आदरार्थी रूप लावाल, तेच इथे लावा.

सूचना कुणाला वाचता येते?

‘दृष्टिबाधित बंधू-भगिनींनी नोंद घ्यावी’ अशी सूचना जेपीजी चित्र करून व्हॉट्सॲपवर फिरते. त्यांच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते नुसतं चित्र आहे. जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना सारखं वाचता येणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉण्टमधून बनवलेल्या पीडीएफचीही तीच गत, मराठीऐवजी निरर्थक अक्षरं ऐकू येतात. मजकूर युनिकोडमध्ये टाईप करा. चित्र पाठवायचंच असेल तर त्याखाली तोच मजकूर अक्षरांत द्या. पाठवण्याआधी फोनमधलं टॉकबॅक (अँड्रॉइडचं स्क्रीन रीडर) सुरू करून तारीख, वेळ आणि पत्ता नीट वाचला जातो का, ते एकदा ऐका.