बांडगूळ काढा, आमरी राहू द्या

पाऊस ओसरला की कोकणात आणि घाटाच्या पायथ्याला आंब्याच्या बागांची सफाई सुरू होते. वाळक्या फांद्यांबरोबर बांडगूळही काढायचं असतं, आणि ते काढलंच पाहिजे. पण खोडावर वाढलेलं दिसेल ते सगळं बांडगूळच, अशी गड्यांची समजूत असते. त्यात आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, झुपकेही खरवडून टाकले जातात.

फरक अगदी सोपा आहे. बांडगूळ फांदीत घुसतं. जिथे घुसतं तिथे गाठ फुगते आणि गाठीपुढची फांदी हळूहळू खंगत जाते. त्याच्या फळातला चिकट गर पक्ष्यांमुळे दुसऱ्या फांदीला लागतो आणि तिथे नवं बांडगूळ उगवतं. म्हणून गाठीच्या खाली चांगली वीतभर जागा सोडून फांदीच छाटावी. नुसती पानं ओढून उपयोग नाही. आमरीची पांढुरकी मुळं सालीवर पसरलेली असतात, आत शिरत नाहीत. ती झाडाचा रस पीत नाही, फक्त आधाराला बसते. तिच्यामुळे आंबा कमी धरतो हा गैरसमज आहे.

आता खरी फसगत. याच दिवसांत डेंड्रोबियम या आमरीच्या दोन देशी जातींची पानं पिवळी पडून गळतात. मागे उरतात नुसत्या सुरकुतलेल्या, करड्या कांड्या. त्या बघून रोप मेलं असं वाटतं. मीही सुरुवातीला असा एक अख्खा झुपका उकिरड्यावर टाकला होता. जानेवारीत तो तिथेच फुलला. पानं झडणं ही त्यांची विश्रांती आहे आणि फुलं याच उघड्या कांड्यांवर येतात.

या दोघींपैकी डेंड्रोबियम ओव्हॅटम आधी फुलते, साधारण दिवाळीनंतर थंडीत. फुलं लहान, साईच्या पिवळसर रंगाची, मधली ओठासारखी पाकळी हिरवट. डेंड्रोबियम बार्बाट्युलम मागाहून, थंडी सरता सरता फुलते. तिची फुलं थोडी मोठी, पांढरी, कधी गुलाबी झाक असलेली, आणि ओठाच्या बुडाशी पिवळसर लव. नावातच ‘बारीक दाढीवाली’ असा अर्थ आहे. फुलं नसताना नुसत्या कांड्यांवरून या दोघींना ओळखायचा नाद सोडा, जाणकारही चुकतात. फुलतील तेव्हा झुपक्याजवळ पत्र्याची पट्टी टांगून जात आणि महिना लिहून ठेवा.

सीतेची वेणी आणि एरिडीस मॅक्युलोसा या आणखी दोन आमरींचा गोंधळ वेगळा. काही गावांत दोघींनाही एकाच नावाने हाक मारतात. या बारमाही पानं धरतात, त्यामुळे आताही ओळखता येतात. सीतेच्या वेणीची पानं लांब, पन्हळीसारखी, त्यांवर फिकट उभ्या रेघा, आणि टोक कुणीतरी कुरतडल्यासारखं. एरिडीसची पानं आखूड, जाड, टोकाला दोन बोथट भाग. फुलं मात्र उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर. सीतेच्या वेणीचा तुरा दाट आणि लोंबता. एरिडीसचा विरळ, बऱ्याचदा फाटे फुटलेला, ठिपक्यांची फुलं आणि गडद ओठ.

आता काळजीचं. पानं झडलेल्या डेंड्रोबियमना रोज पाणी घालू नका, कांड्या कुजतात. फार सुरकुतल्या तरच आठवड्यातून एखाद-दोनदा सकाळी हलका फवारा पुरे. खत पूर्ण बंद. ते जूनमध्ये नवे कोंब आल्यावर, तेही लिटरला एखादा ग्रॅम विद्राव्य खत, त्यापेक्षा जास्त नको. आंब्यावर मोरचूदयुक्त, म्हणजे तांबं असलेलं, बुरशीनाशक मारायचं असेल तर झुपके गोणपाटाने झाकून घ्या, आमरीला तांबं सोसत नाही. त्याच कारणाने बांधायला तांब्याची तार वापरू नये, काथ्या बरा.

तोडलेल्या फांदीवर आमरी असेल तर तिला खरवडू नका. हातभर तुकडा सालीसकट कापून, अर्धसावलीतल्या फणसाला किंवा जुन्या आंब्याला तसाच बांधा. मुळं सालीवरून सोडवून नवीन जागी लावायचं काम पाऊस सुरू होईपर्यंत थांबवा, कारण नवी मुळं तेव्हाच फुटतात. झुपका वाटायचा असेल तर प्रत्येक भागाला निदान तीन-चार कांड्या राहू द्या. कुंडीत लावणार असाल तर माती नको. कोळसा, विटांचे खडे आणि चार-पाच दिवस भिजवून पाणी बदललेल्या नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात.

जंगलातून रोपं उपटून आणू नका, राखीव वनात तो गुन्हा आहे. शिवाय आमरीचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नसाठा नसतो, आणि विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं; एकदा गेलेला झुपका सहज परत येत नाही. म्हणून गड्याच्या हातात कोयता देण्याआधी बागेतून एकदा स्वतः फेरी मारा आणि ज्या झुपक्यांना हात लावायचा नाही त्यांना लाल चिंधी बांधून ठेवा.