अपघाताच्या भरपाईचा अनाहूत फोन आला तर

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कधीतरी हा फोन येतोच: "तुमच्या गाडीला झालेल्या अपघाताबद्दल बोलायचे आहे." अपघाताची तारीख वा ठिकाण मात्र बोलणारी व्यक्ती सांगत नाही, कारण बहुधा ते तिला ठाऊकच नसते आणि तुमच्याच तोंडून काढून घ्यायचे असते. म्हणून "कोणता अपघात, कोणत्या तारखेचा, गाडीचा नंबर काय?" एवढेच विचारावे आणि स्वतःची जन्मतारीख, पत्ता किंवा विमा कंपनीचे नाव मुळीच सांगू नये; पुष्कळदा फोन तिथेच बंद होतो.

आधी संमती दिलेली नसताना दाव्यांसाठी असे फोन करणे ८ सप्टेंबर २०१८ पासून तिथे बेकायदा आहे, तेव्हा भिडेखातर ऐकत बसण्याचे कारण नाही. (फोन मध्येच ठेवणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते, आणि नेमके तेच त्यांच्या पथ्यावर पडते.) नंबर आणि वेळ टिपून ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे (ICO) तक्रार करावी; मेसेज आला असेल तर तो ७७२६ या क्रमांकावर फुकट पुढे पाठवता येतो.

"मान थोडी दुखते, असे सांगा" या फोनवरच्या सल्ल्याला मात्र अजिबात बळी पडू नये, कारण दाव्याच्या मुळाशीच अप्रामाणिकपणा आढळल्यास न्यायालय खऱ्या भागासह सगळा दावा फेटाळू शकते. खरोखर इजा झालेली असेल, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये ५,००० पौंडांपर्यंतच्या इजेसाठी 'ऑफिशियल इंज्युरी क्लेम' या अधिकृत सेवेतून वकिलाशिवाय विनाशुल्क दावा करता येतो. मुदत साधारणपणे ३ वर्षांची असते.