दुर्गम मतदान केंद्रांवर तांत्रिक साहाय्य कसे पुरवावे

किनवट आणि माहूर हे तालुके नांदेड जिल्ह्यातले असले, तरी लोकसभेला ते हिंगोली मतदारसंघात मोडतात. म्हणून या डोंगराळ पट्ट्यात नेमलेल्या पथकाने यंत्रे कोणत्या मतदारसंघाची आहेत आणि राखीव संच कोणाकडून मिळणार, याची खातरजमा सर्वांत आधी करावी. मतदान यंत्र आणि व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची छापील चिठ्ठी दाखवणारे यंत्र) आपापल्या बॅटरीवर चालतात, त्यांना वीज किंवा इंटरनेट लागत नाही. अडतो तो निरोप. आदल्या दिवशी प्रत्येक केंद्रावर जाऊन मोबाइलची रेंज नेमकी कोठे मिळते, हे पाहून ठेवावे. जेथे ती मिळतच नाही, तेथे पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवरून दर दोन तासांची टक्केवारी कशी कळवायची, हे केंद्राध्यक्षांशी बोलून ठरवावे.

राखीव संच तालुक्याच्या गावी ठेवून उपयोग नाही. तो क्षेत्रीय अधिकाऱ्याच्या (काही केंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) गाडीत असावा आणि गाडी अशा ठिकाणी थांबावी, जेथून सर्वांत दूरचे केंद्रही लवकर गाठता येईल. नकाशावरच्या अंतरावर विसंबू नये, घाटातला रस्ता स्वतः एकदा जाऊन पाहावा.

मतदार ज्यावर बटण दाबतो त्या एका बॅलट युनिटवर १६ नावे मावतात आणि ‘नोटा’लाही एक जागा लागते, त्यामुळे १६ उमेदवार झाले की दुसरे युनिट आलेच. नांदेडला लागून असलेल्या निजामाबादमध्ये २०१९ साली १८५ उमेदवार होते आणि प्रत्येक केंद्रावर १२ युनिटे जोडावी लागली. इतकी वेळ आपल्यावर क्वचितच येईल. पण युनिटे वाढली की क्रम चुकण्याची शक्यताही वाढते, म्हणून जोडणीचा सराव प्रशिक्षणातच करून घ्यावा. कंट्रोल युनिट (मतदान अधिकाऱ्याकडचे, मते साठवणारे यंत्र) बंद केल्याशिवाय कोणतीही केबल काढू किंवा लावू नये. ‘लिंक एरर’ दिसल्यास यंत्र बिघडले असे लगेच मानू नये. बहुतेकदा केबल नीट बसलेली नसते.

व्हीव्हीपॅटच्या मागची कळ प्रवासात आडवी आणि वापरताना उभी असते. हे यंत्र खिडकीच्या उजेडात किंवा थेट दिव्याखाली ठेवू नये. शाळेच्या वर्गात मतदान कक्षाची जागा ठरवताना मात्र बहुतेकांचे लक्ष गोपनीयतेकडे असते, उजेडाकडे कोणी पाहत नाही.

मतदान सात वाजता सुरू होणार असेल, तर अभिरूप (चाचणीचे) मतदान साडेपाचला सुरू करून किमान ५० मते टाकावीत. त्यानंतर कंट्रोल युनिटवर क्लोज (मतदान बंद), रिझल्ट (निकाल) आणि क्लिअर (चाचणीची मते पुसणे) हाच क्रम पाळावा, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांची मोजणी यंत्रावरील निकालाशी जुळवावी आणि त्या व्हीव्हीपॅटच्या पेटीतून बाहेर काढाव्यात. घाईत ‘क्लिअर’ राहून गेले, तर त्याचा घोळ थेट मतमोजणीच्या टेबलावर उघड होतो, म्हणून पथकाने सकाळी पहिली चौकशी याचीच करावी.

प्रत्यक्ष मतदानात फक्त व्हीव्हीपॅट बंद पडल्यास तेवढेच बदलावे. कंट्रोल किंवा बॅलट युनिट बिघडल्यास मात्र व्हीव्हीपॅटसह पूर्ण संच बदलावा आणि ‘नोटा’सह प्रत्येक उमेदवाराला एकेक मत देऊन नवा संच तपासावा. मतदान प्रतिनिधींना समोर ठेवूनच हे करावे आणि बदलाची वेळ लगेच लिहून ठेवावी.

शेवटच्या मतदारानंतर ‘क्लोज’ दाबून एकूण मतांचा आकडा नमुना १७-ग मध्ये (नोंदलेल्या मतांच्या हिशेबाच्या तक्त्यात) नोंदवला गेल्याची खात्री करावी. यंत्रे पेटीत ठेवण्यापूर्वी व्हीव्हीपॅटची बॅटरी आठवणीने काढून घ्यावी.