केमोच्या आधी पोटात गोळा येतो तेव्हा

पहिल्या केमोला भीती असते ती काय होणार हे माहीत नसल्याची. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र शरीराची आठवणच छळते. स्पिरिटचा वास आला, हॉस्पिटलचं गेट दिसलं, की सलाईन लागायच्या आधीच मळमळतं. याला नाटक समजू नका. आधी उलट्यांचा त्रास जितका जास्त झालेला, तितकी ही खूणगाठ पक्की बसते. म्हणून उलटीच्या गोळ्या पहिल्या केमोपासून ठरल्या वेळी घ्या, 'मळमळलं तर बघू' नको. तरीही होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आदल्या रात्री आणि त्या सकाळी घ्यायला ते लोराझेपामसारखी, घबराट कमी करणारी गोळी देऊ शकतात. तिने गुंगी येते, त्या दिवशी मोटारसायकल दुसऱ्याने चालवावी.

आवडीचं जेवण त्या दिवशी टाळा. भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन उलटी झाली, तर पुढे कित्येक महिने भरताचा वासही नको होतो. ते बरं वाटेल त्या आठवड्यासाठी राखा. जाण्याआधी थोडी मुगाची खिचडी पुरे, तीही कोमट, कारण गरम अन्नाचा वास जास्त उठतो. काळ्या मसाल्याची फोडणी त्या सकाळी घरात नकोच.

सुईची धास्ती बरेचदा पाण्याअभावी वाढते. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात एसटीचा प्रवास करून थेट खुर्चीत बसलं, की शीर सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागतं आणि पुढच्या वेळी हात आधीच थरथरतो. पाण्यावर बंधन नसेल तर आदल्या दिवसापासून भरपूर प्या. पोहोचल्यावर हातावर पाच मिनिटं कोमट ओला टॉवेल ठेवा. चटका बसेल इतका गरम नको.

श्वासाचा सराव घरी आठवडाभर करा, रोज दोनदा, पाच मिनिटं: चार मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर. खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा केलात तर फसतो. चक्कर आली तर तुम्ही श्वास फार मोठा किंवा घाईने घेताय.

झोप उडाली तर गोळ्यांकडेही बघा. काही औषधांआधी डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडची गोळी देतात, त्यानेही रात्रभर जाग येते. ती मनाने बंद करू नका, वेळ बदलता येईल का एवढं विचारा.

रक्ताचा रिपोर्ट हा आणखी एक घोर. पांढऱ्या पेशी कमी आल्या की केमो बऱ्याचदा काही दिवस पुढे ढकलतात. उपचार फसला असा त्याचा अर्थ नसतो. आणि 'तब्येत कशी शे?' विचारणारे सगळे फोन आदल्या संध्याकाळी घरातल्या एकानेच घ्यावेत.

सलाईन चालू असताना छाती दाटली, दम लागला, अंगाला खाज सुटली किंवा सुईपाशी जळजळ झाली, तर 'घाबरलोय म्हणून असेल' म्हणत गप्प बसू नका. लगेच सिस्टरला हाक मारा. घरी 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तरी तसंच, सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन.