टॉवर साइटवरची अलार्म वायरिंग: तार तुटली तरी कळलं पाहिजे

मोबाइल टॉवरच्या शेल्टरमध्ये, म्हणजे यंत्रांच्या खोलीत, कुणी बसलेलं नसतं. वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही, बॅटरी उतरली, एसी बंद पडला, दार उघडलं, धूर झाला, हे सगळं कंट्रोल रूमला कळतं ते बोटाएवढ्या जाडीच्या एका केबलमुळे. कोकणात भर पावसात घाटातल्या साइटवर पोहोचायलाच किती वेळ जातो, ते तिथे काम करणाऱ्याला विचारा. म्हणून ही वायरिंग उरल्या वेळात उरकायचं काम नाही, असं मी माझ्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

आधी कागदावर तक्ता करा: अलार्म कुठून येतो, केबलमधल्या तारांच्या कोणत्या जोडीतून, क्रोनवर (तारा खाचेत दाबून जोडायची पट्टी) कितव्या जागी, रॅकच्या (अलार्म पुढे कळवणारं यंत्र) कितव्या इनपुटला, आणि सगळं ठीक असताना सर्किट जुळलेलं की तुटलेलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

रॅकला ड्राय कॉन्टॅक्ट लागतो, म्हणजे बाहेरची वीज नसलेला, नुसता जुळणारा-तुटणारा स्विच. रॅक स्वतःच बारीकसं व्होल्टेज सोडतो आणि सर्किट जुळलंय की नाही एवढंच बघतो. म्हणून तारा लावण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन तारांमध्ये आणि प्रत्येक तार ते अर्थ असं व्होल्टेज मोजा. शून्यच हवं. २३० किंवा ४८ व्होल्ट तिथे पोहोचले तर इनपुट कार्ड गेलं.

माझा नियम: सगळं ठीक असताना सर्किट जुळलेलं ठेवायचं. मग उंदराने केबल कुरतडली किंवा स्क्रू सैल झाला तरी अलार्म येतो. उलट जोडणीत तुटलेली तार गप्प बसते, आणि स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत राहतं.

इथे भलेभले फसतात. रिले म्हणजे कॉइलला वीज मिळाली की पलटणारा स्विच. त्यावरचं एनओ (कॉमनपासून तुटलेलं टोक) आणि एनसी (कॉमनला जुळलेलं टोक) हे कॉइलला वीज नसतानाचं असतं. मेन्स फेलच्या (वीज गेल्याच्या अलार्मच्या) रिलेची कॉइल वीज असताना ओढलेली असते, म्हणून तिथे कॉमन आणि एनओ घ्यायचे. वीज आहे तोवर ते जुळलेले राहतात. छापलेली अक्षरं वाचून जोडू नका, वीज चालू असताना मीटरची बीप ऐकून जोडा. आणि प्रत्येक इनपुटची पोलॅरिटी (जुळलेलं म्हणजे ठीक की तुटलेलं म्हणजे ठीक) सॉफ्टवेअरमध्ये तशीच करून घ्या.

केबल पॉवर केबलच्या गठ्ठ्यात बांधू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) फक्त रॅकच्या टोकाला अर्थ करा. बाहेरून येणाऱ्या केबलला ग्लँडच्या (केबल आत शिरते तिथल्या घट्ट बुचाच्या) आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून जाईल. बॅटरीजवळ काम असेल तर अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा.

रंगांचा क्रम पाळा: पांढऱ्यासोबत निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मग लालसोबत तेच पाच. जोडीचा पीळ क्रोनपर्यंत राहू द्या. क्रोनसाठी तार सोलायची नसते, पंचिंग टूलनेच दाबायची. स्क्रू ड्रायव्हरने दाबलं की पात्या फाकतात आणि पकड जाते. एका खाचेत एकच तार. उरलेल्या जोड्या कापू नका, गुंडाळून लेबल लावा.

टेस्टिंगला कंट्रोल रूमला आधी कळवा. क्रोनवर तार उचकटून ‘आला अलार्म’ म्हणणं ही टेस्ट नव्हे, मुळापासून करा. मेन्सचा एमसीबी (स्विचसारखा ब्रेकर) पाडा, दार उघडा, थर्मोस्टॅट खाली फिरवा, स्मोक डिटेक्टरला टेस्ट स्प्रे मारा. लो बॅटरीसाठी बॅटरी उतरवत बसू नका. २४ सेलची बँक फ्लोटवर (पूर्ण भरून चार्जरवर असताना) साधारण ५४ व्होल्टला असते, तेव्हा कंट्रोलरमधली मर्यादा तेवढ्यापुरती त्याच्या वर न्या आणि लगेच मूळ आकड्यावर आणा. मग क्रोनवर प्रत्येक जोडीत डिस्कनेक्ट प्लग (सर्किट तोडणारा प्लग) घालून तार तुटल्याचा अलार्मही बघा.

प्रत्येक वेळी पलीकडच्या माणसाला ‘अलार्म आला का’ असं विचारू नका. ‘स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा’ असं सांगा. दार उघडल्यावर तिकडे ‘जनरेटर’ वाचलं गेलं, तर तक्ता काढा आणि जोडी शोधा.