चौकटीची वही आणि दुपारचे चार

मी गणिताची बाई. साताऱ्यातल्या एका शाळेत 29 वर्षं बीजगणित शिकवलं. कविता म्हणजे मराठीच्या पेपरातलं चार मार्कांचं रसग्रहण, एवढीच माझी तिच्याशी ओळख. त्यामुळे 'कवितेने मन सावरतं' असं कुणी म्हटलं की मला शंका यायची, आणि थोडी अजूनही येते.

आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. तिची मधली गोळी दुपारी चारला. आई गेल्यावर बाकीचा दिवस कसातरी रेटला जायचा, चार वाजले की मात्र हात मोकळे पडायचे आणि मी ओट्याशी नुसती उभी राहायचे. दूध उतू जाऊन गॅस विझला तरी पत्ता नाही, असं दुसऱ्यांदा झालं तेव्हा वहिनीने मला डॉक्टरांकडे नेलं. नैराश्य, म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. म्हणून आधीच सांगते: पुढे जे लिहिलंय ते गोळ्यांच्या जागी करायचं नाही, जोडीने करायचं. त्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि मनाने अचानक बंद केल्या तर त्रास होतो. ते आठवडे कसे काढायचे, त्याची ही कृती आहे.

अक्षरं मोजण्यापासून सुरुवात करा. मला हे सापडलं ते अपघाताने. शेजारच्या काकू एकादशीला भजनाला ओढून घेऊन गेल्या. मन कशातच लागेना. मग सवयीने बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायला लागले. 'सुंदर तें ध्यान', सहा. 'उभे विटेवरी', सहा. 'कर कटावरी', सहा. 'ठेवोनियां', चार. शेवटचं कडवं, पुन्हा सहा-सहा-सहा-चार. घरी येताना लक्षात आलं की अर्धा तास आपण गोळीची डबी, चादर, शेवटचा श्वास यांतलं काहीही आठवलेलं नाही. भक्ती म्हणाल तर शून्य. पण मोजताना मनाला दुसरीकडे जायला सवडच मिळाली नव्हती.

मोठ्या अभंगाचं माप एवढंच: चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. जोडाक्षर एकच धरायचं. एकूण बावीस.

आता आपला लिहायचा. पहिलीच्या मुलांची चौकटीची वही आणा, वीस-पंचवीस रुपयांत मिळते. एका चौकटीत एक अक्षर. रेघी वहीत माणूस मनातलं ओतत सुटतो. चौकटीत ते जमत नाही, हाच तिचा गुण. विषय भावनेचा घेऊ नका. 'दुःख', 'एकटेपणा', 'आठवण' हे शब्द पहिला महिनाभर बंद. समोर दिसणारी वस्तू घ्या: झारा, उशी, बंद पडलेलं घड्याळ. माझा पहिला अभंग हा:

गोळ्यांची ती डबी
आज मी धुतली
उन्हात ठेवली
पालथीच

थोर काही नाही. पण हे जमायला तीन दुपारी लागल्या. चौथ्या चरणात 'वाळायला' टाकलं, 'गच्चीवर' टाकलं, दोन्ही चारात बसतात, दोन्ही खोटी वाटली. डबी पालथी होती. तो शब्द सापडला तेव्हा मी रडले, आईला नेल्यापासून पहिल्यांदा. त्या आधी 'रोज रात्री मनातलं सगळं कागदावर उतरवा' हा सल्लाही मी पाळून पाहिला होता. माझ्या बाबतीत तो फसला. रात्री अकराला तेच ते उगाळून लिहायचे आणि दोनपर्यंत जागी. काहींना त्याने बरं वाटतही असेल. तुम्ही लिहून उठल्यावर आधीपेक्षा जड वाटत असेल, तर ते लिहिणं सोडा आणि वस्तूंकडे वळा.

एक पथ्य पाळा. लिहिलेलं घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मी टाकलं. चौदा हात जोडलेले आले, दोन गुलाब आले आणि एका मामांनी यमक सुधारून पाठवलं.

आता झाड. साताऱ्याचं नाव काढलं की लोक म्हणतात, कासला जाऊन ये, मन प्रसन्न होईल. कास सुंदरच आहे, पण तिथला फुलांचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि टोपली कारवीच्या फुलांसाठी तर सात-आठ वर्षं थांबायची तयारी हवी. मन बिघडतं तेव्हा हंगाम बघून बिघडत नाही. घरापासून दहा मिनिटांत पोचता येईल असं एकच झाड धरा. माझा अजिंक्यताऱ्याच्या चढावरचा पांगारा आहे. (खोडाला काटे असतात, टेकू नका.)

किती वेळ, याचा एक आकडा माझ्याकडे आहे. 2019 साली इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार लोकांच्या पाहणीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला 120 मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांत तब्येत आणि मन बरं असल्याचं सांगणारे अधिक निघाले. तो वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. आता बरी माणसं जास्त फिरतात की फिरल्याने बरी होतात, हे असल्या पाहणीतून ठरत नाही, ते मी वर्गात शिकवत आलेय. तरी आकडा धरायला बरा. रोज सतरा मिनिटं केली की 119 होतात. उरलेलं एक रविवारी.

सतरा मिनिटं करायचं काय? बघायचं, आणि त्याच वहीत तारीख घालून दिसलं तेवढंच लिहायचं. माझी एक नोंद: '12 फेब्रुवारी. पान एक नाही. टोकाच्या 3 कळ्या उघडल्या. साळुंक्या 2. तांबट दिसत नाही, टुक टुक चालू, 40 पर्यंत मोजलं.' 'छान वाटलं' असं लिहायचं नाही, कारण मग एखाद्या दिवशी छान वाटत नाही आणि आपण झाडालाही नापास करतो. खाडा झाला तर मागचं भरून काढायचं नाही. माझे एकदा अकरा दिवस बुडाले. बाराव्या दिवशी गेले तर सगळा पांगारा लाल, आणि मधलं उमलणं काही मी पाहिलं नाही. चुटपुट लागली. कितीतरी महिन्यांनी आपल्याला कशाची तरी चुटपुट लागतेय, हे डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं.

वेळ आपली आपण ठरवा. माझ्या सकाळी सगळ्यात वाईट असायच्या, म्हणून पहाटे उठून फिरायला जा म्हणणाऱ्यांचं मी ऐकलं नाही. चारची पोकळी होती, तिथेच झाड बसवलं.

ज्यांना शब्द नकोसे झालेत त्यांच्यासाठी ठिपक्यांची रांगोळी. सात बाय सात ठिपक्यांपासून करा. हात थरथरला तर रेघ थरथरू द्या. दुसऱ्या दिवशी केरात जाणार आहे.

आणि काही दिवस असे येतात की अक्षर मोजवत नाही, दाराबाहेर पाऊल पडत नाही, आणि नको ते विचार येतात. त्या दिवशी वही काढत बसू नका. 14416 लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. तो आकडा मी वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहून ठेवलाय; तुम्हीही वही आणाल त्या दिवशीच लिहा.

सध्या माझा पांगाऱ्याचा अभंग अडलाय. 'पांगारा फुलला, पान नाही एक, साळुंक्या अनेक' इथवर बरोबर आहे. पुढे 'भांडतायत', तर पाच होतात. 'भांडतात' केलं की चारात बसतं, पण मग त्या रोजच भांडतात असं होतं, आणि मी तर त्यांना त्या एका मंगळवारीच पाहिलं.