पायथनची लिस्ट आणि 'जुनी = गुण' ही एक ओळ

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिस्ट म्हणजे ओळीनं ठेवलेले घटक. तिचे चौकोनी कंस, शून्यापासून मोजणी, उणे एक म्हणजे शेवटचा घटक, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो. शेवटी घटक जोडणाऱ्या अपेंडला अख्खी लिस्ट दिली तर ती एकच घटक बनून आत बसते आणि एक्स्टेंड तिचे घटक सुटे करून जोडतं, हेही एकदा करून बघितलं की कळतं.

मी आपटलो ते भलतीकडेच. गुणांची लिस्ट चढत्या क्रमानं लावायची होती, पण मूळ क्रमही हवा होता. म्हणून मोठ्या शहाणपणानं आधी 'जुनी = गुण' लिहिलं (हो, पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं) आणि मग गुणवर सॉर्ट चालवलं. जुनी छापली, तर तीही चढत्या क्रमानं! एरर नाही, काही नाही. दोन दिवस सॉर्टला शिव्या घातल्या.

दोष सॉर्टचा नव्हता. बरोबरच्या चिन्हानं लिस्टची प्रत होतच नाही. लिस्ट एकच राहते, तिला आणखी एक नाव मिळतं. एकाच माणसाला घरी एका नावानं हाक मारतात, बाहेर दुसऱ्या. बाहेर केस कापून आला तर घरी लांब केस कसे दिसतील? शंका असेल तर दोन नावांमध्ये 'इज' घालून विचारा, ट्रू आलं की लिस्ट एकच. प्रत हवी तर कॉपी मेथड वापरा. नाहीतर सॉर्टेड फंक्शन घ्या, ते मूळ लिस्टला हात न लावता नवी देतं. सॉर्टचं उत्तर मात्र पुन्हा गुणमध्ये ठेवू नका, तिथे नन (None, म्हणजे 'काहीच नाही') येऊन बसतं आणि लिस्ट हातची जाते.

मला एकानं सल्ला दिला, 'सगळीकडे डीपकॉपी टाक', म्हणजे आतल्या थरांसकट पूर्ण प्रत करणारं फंक्शन. टाकलं. बग गेला, अक्कल आली नाही. पुढे फंक्शनला लिस्ट दिली, आत अपेंड केलं आणि बाहेरची बदलली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उत्तर हातात ठेवणाऱ्यापेक्षा 'छापून बघितलंस का?' विचारणारा माणूस मला केव्हाही परवडतो, कितीही खडूस असला तरी.

घाबरू नका, हे सगळ्यांचंच होतं. पण कॉपीवरही आंधळा विश्वास नको, ती फक्त वरच्या थराची प्रत करते. लिस्टच्या आत लिस्ट असतील तर आतल्या त्याच राहतात. डीपकॉपीची खरी गरज तिथे. तीन शून्यांची ओळ आणखी एका चौकोनी कंसात घालून, ते तीननं गुणून तक्ता केलात तर ती एकच ओळ तीनदा दिसते, एका खान्यात ५ लिहा, तिन्ही ओळींत ५. प्रत्येक ओळ लूपमध्ये नव्यानं बनवा.

आणि लूप ज्या लिस्टवर फिरतोय तिच्यातूनच रिमूव्ह करू नका. काढलेल्याच्या लगेच पुढचा घटक तपासायचा राहून जातो, तोही गुपचूप. लूप प्रतीवर फिरवा. कॉपीवाल्या प्रतीवर, बरोबरच्या चिन्हाच्या नव्हे.